गेंड्याचा जोर आणि फिटरची रेघ

प्राणीबागेत त्याला तोंडावर फिटरकाका म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. हे दुसरं नाव कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसं ओळखता येत होती एवढं खरं. एकतीस वर्षं हा गृहस्थ बागेतल्या पिंजऱ्यांची दारं, कड्या, बिजागऱ्या आणि नट-बोल्ट सांभाळत आला, आणि एकतीस वर्षांत त्यानं कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला असेल तर शपथ. बायकोनं 'दूध तापलंय' म्हटलं तरी आधी भांड्याला बोट लावणार, भाजणार, आणि मग म्हणणार, 'हो, तापलंय खरं.' बायकोनं पस्तीस वर्षांपूर्वीच हात टेकले होते.

प्राण्यांच्या ताकदीच्या गोष्टींशी तर त्याचा उभा दावा. बागेत येणाऱ्या माणसांना नुसता प्राणी बघून भागत नाही, त्यांना गोष्ट लागते, आणि ती पुरवायला गाईडबाई बसलेल्याच. त्या कर्णा तोंडाला लावून सांगायच्या, 'गोरिलाच्या अंगात दहा माणसांचं बळ असतं.' फिटर तिथंच शिडीवर बिजागरीला तेल घालत असला की वरून विचारायचा, "दहा कुठली बाई? आपल्या ऑफिसातली, की हमाली करणारी? फरक पडतो ना." लोक हसायचे, बाई रागाने लाल व्हायच्या आणि पुढच्या पिंजऱ्याकडे निघायच्या. अस्वलानं एका फटक्यात ट्रकचा टायर फाडला, अशी एक कथा बागेत दहा वर्षं फिरत होती. ह्यानं तो टायर भंगारातून शोधून काढला. झोका बांधायला म्हणून वर्कशॉपमध्येच तो करवतीनं अर्धा कापून ठेवलेला होता. अस्वलानं उरलेला अर्धा ओढला, आणि तेवढंही काही कमी नाही, पण ते सांगायला कुणाला आवडतंय.

आता, तो प्राण्यांना दुबळे समजत होता असं नाही हं. मगरीचा जबडा मिटताना लोखंडी बादली चेपलेली त्यानं स्वतः पाहिली होती, आणि त्याच मगरीचं मिटलेलं तोंड डॉक्टरबाईंनी साध्या चिकटपट्टीनं बांधलेलंही पाहिलं होतं, कारण तोंड उघडायला तिच्याकडे जोरच नसतो. शहामृगाच्या लाथेनं पत्र्याला पडलेला पोचा त्यानं बोटांनी मापला होता. जे मापलं ते खरं, बाकी सगळ्या बाजारगप्पा. 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' हे त्याचं एकच तत्त्वज्ञान, आणि ते तो दिवसातून चारदा ऐकवायचा. वर्कशॉपच्या फळीवर त्याचा एक पत्र्याचा डबा होता. वाकलेला खिळा, तुटलेली कडी, झिजलेली बिजागरी असं काहीबाही त्यात जमा असे. त्या डब्याला तो 'पुरावे' म्हणायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही.

विश्वास ठेवण्यासारखी एकच गोष्ट त्याच्या लेखी जगात होती, ती म्हणजे त्याची पिवळी रेघ. नट घट्ट आवळला की त्यावरून शेजारच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची, ही फिटर लोकांची जुनी रीत. नट जागचा हलला की रेघ मोडते, आणि लांबूनच कळतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो डबी आणि ब्रश घेऊन बागभर हिंडायचा. दारं धुऊन धुऊन रेघा फिकट झालेल्या असत, तो त्या परत उजळायचा. "माणूस खोटं बोलतो," तो म्हणायचा, "रेघ बोलत नाही."

आणि अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो त्याच बागेतला. गेंड्याचा कीपर.

मुलीनं स्वतः पसंत केला होता, त्यामुळे चौकशी करायला वाव मिळाला नव्हता, आणि ते शल्य फिटरच्या मनात राहिलं. मुलगा शांत, कमी बोलणारा. फिटरच्या मते कमी बोलणारा माणूस दोनच कारणांनी कमी बोलतो, एक तर त्याला काही माहीत नसतं, नाहीतर तो काहीतरी लपवत असतो. त्यात एक अडचण अशी की बागेत तो हाताखालचा पोरगा, आणि घरी मात्र जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला अरेतुरे कसं करणार? मग एक न बोलता ठरलेली व्यवस्था झाली. बागेच्या फाटकाच्या आत 'तू', बाहेर 'तुम्ही'. जावईही तसाच, आत 'फिटरकाका' आणि बाहेर 'मामा'. संध्याकाळी दोघं बरोबर बाहेर पडत तेव्हा फाटकाच्या उंबऱ्यावर वाक्य मध्येच बदलायचं. "तू उद्या लवकर ये, म्हणजे, जावईबापू, तुम्ही या." पहारेकरी रोज हसायचा. पण तो 'मामा' म्हणाला की फिटरच्या मनात हमखास यायचं, हा आपल्याला मामा तर बनवत नाही ना?

बागेत गेंडा एकच, नाव पैलवान. वजन दोन टनांच्या आसपास, नजर कमजोर, आणि स्वभावानं खरं सांगायचं तर आळशी. त्याला एकच नाद होता. सकाळ-संध्याकाळ दाराच्या गजांवर शिंग घासत बसायचं. खरखर, खरखर, तासन् तास. दाराच्या अंगात त्याची गुणगुण उठायची आणि पलीकडच्या बोळात उभं राहिलं तर पायाला कळायची.

एका गुरुवारी सकाळी, फाटक उघडायच्या आधी, पैलवान खोलीबाहेर आला.

बोळाकडचं दार सताड उघडं होतं. पैलवान बोळातून निघाला तो सरळ गवताच्या गोदामात गेला आणि खात उभा राहिला. त्यानं ना कुणाला शिंग मारलं, ना कुणाच्या मागे धावला. पण झाडूवाली मावशी वळणावर समोर आली, तिनं एवढं मोठं धूड बघितलं, ती मागच्या मागे पडली आणि तिचा मनगटापाशी हात मोडला. जावयानं गवताचा भारा पुढे धरून पैलवानाला एकट्यानं परत खोलीत नेलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

गोष्ट मात्र आटोपली नाही. दहा वाजेपर्यंत गेंड्यानं दार मोडलं होतं, बारापर्यंत उखडून फेकलं होतं, आणि दुपारी गाईडबाई कर्ण्यातून सांगत होत्या की गेंडा चिडला की त्याच्यापुढे लोखंड म्हणजे पापड. राईचा पर्वत म्हणतात तो असा. फिटर दारापाशी गुडघ्यावर बसून ते ऐकत होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

कारण दार मोडलेलं नव्हतंच. दाराला आडवा जाड लोखंडी अडसर, तो भिंतीजवळच्या खांबावरच्या ब्रॅकेटमध्ये बसायचा, आणि ते ब्रॅकेट अंगठ्याएवढ्या दोन बोल्टांनी खांबाला पक्कं केलेलं. अडसर सरळ होता. ब्रॅकेट खाली पडलं होतं, पण अखंड होतं. दोन्ही बोल्ट जमिनीवर, एकाचाही आटा गेलेला नाही. नट तेवढे दिसत नव्हते. एक नट त्याला बोळाच्या गटारीत सापडला, दुसरा बहुधा वाहून गेला. सापडलेला त्यानं फडक्यात गुंडाळून खिशात टाकला आणि नंतर पुराव्यांच्या डब्यात ठेवला.

"अडसर टाकला होतास?" त्यानं जावयाला विचारलं.

"टाकला होता, काका."

"मग दार उघडलं कसं?"

"मला नाही माहीत. सगळे म्हणतात त्यानं ढकललं असेल."

"सगळे म्हणतात," फिटर म्हणाला. त्याच्या डोक्यात हिशेब जुळला होता. गेंड्याला बोल्ट तुटत नाही. नट आपोआप निघत नाही. म्हणजे माणसाच्या हातानं निघाला. म्हणजे हा रात्री अडसर टाकायला विसरला, सकाळी भानगड झाल्यावर ह्यानं पाना लावून नट काढले, ब्रॅकेट खाली टाकलं, आणि खापर मुक्या जनावरावर फोडलं. वर्कशॉपच्या वहीत बघितलं तर काय, पाचच दिवसांपूर्वी, शनिवारी, तीस नंबरचा पाना जावयाच्या सहीनं बाहेर गेलेला आणि तासाभरात परत आलेला. तीस नंबर म्हणजे नेमका त्याच नटाचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर वहीतच लख्ख उजेड पडला होता.

पुढच्या गुरुवारी चौकशी ठरली. बाहेरून एक इन्स्पेक्टर येणार होते, आणि त्यांचा प्रश्न एकच होता, दार मोडलं की उघडं राहिलं? मोडलं असेल तर बागेतली सगळी मोठी दारं बदलावी लागणार, आणि बागेच्या मोठ्या साहेबांची खुर्ची हलणार. उघडं राहिलं असेल तर कीपरला घरी पाठवलं की विषय संपला. साहेबांना कुठलं उत्तर गोड लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. ते स्वतः वर्कशॉपमध्ये आले, स्टूल ओढून बसले, चहा मागवला. एकतीस वर्षांत कुठल्याही साहेबानं तिथं चहा घेतला नव्हता, म्हणून फिटरला लगेच शंका आली.

"तुम्ही अनुभवी माणूस," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात की गेंड्याला हे दार मोडता येत नाही, तर इन्स्पेक्टर ऐकतील. नात्याचा माणूस आहे म्हणून संकोच करू नका."

"संकोच कसला," फिटर म्हणाला. "पण नुसतं म्हणणार नाही. मापून सांगेन."

घरी मुलगी येऊन बसली होती. आई भाजी निवडत होती. फिटर हातपाय धुऊन बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ते रोज अडसर टाकून दोनदा हलवून बघतात. मला माहितीये. घरी गॅससुद्धा दोनदा बघतात."

"तू तिथं होतीस?"

"नव्हते."

"मग?"

"मग काही नाही," मुलगी म्हणाली. "बागेतून काढलं तर त्यांना दुसरीकडे कुठं कोण घेणार, बाबा? गेंडा सोडला असा शिक्का बसल्यावर? बारा वर्षं दुसरं काही केलेलं नाही त्यांनी. त्यांना दुसरं काही येतही नाही."

लेक होती ती. पण फिटर म्हणाला, "खरं ते खरं. जावयाला एक न्याय आणि गोरिलाला दुसरा, असं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

बायको भाजीतून मान न काढता म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायची एवढी हौस बरी नव्हे." तो नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं करून उठला. मुलगी जेवायला थांबली नाही.

सोमवारी आणि मंगळवारी त्यानं माप घेतलं. पैलवानाच्या खोलीला दोन दारं, एक बोळाकडे, जिथून तो निघाला, आणि एक मोकळ्या आवाराकडे. दोन्ही एकाच घडणीची. बोळाकडच्या दाराला आता तुळई लावली होती, म्हणून त्यानं आवाराकडचं दार घेतलं. बाहेरून साखळ्या घातल्या. मग दार आणि समोरचा खांब यांच्यामध्ये भंगारातली एक जाडजूड स्प्रिंग बसवली, शेजारी पट्टी, आणि पट्टीवर सरकणारा काटा. अडसर काढून ठेवला, म्हणजे गेंड्याचा सगळा भार स्प्रिंगवर येईल. दाराच्या बाहेर गेंड्याच्या तोंडाला लागणार नाही अशा बेतानं गाजरांची टोपली ठेवली. हे सगळं जावयाला जवळ येऊ न देता. कीपरशिवाय गेंड्यापाशी काम करणं नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टरबाई स्वतः उभ्या राहिल्या.

पैलवान आला, गाजरांचा वास घेतला आणि दाराला टेकला. काटा सरकला. मग डोकं खाली घालून त्यानं खरंच रेटा दिला, मागचे पाय मातीत रुतले, नाकातून वाफ आली. काटा आणखी सरकला आणि थांबला. तीनदा, चारदा, थांबायचा तिथंच थांबला. मग पैलवानाला कंटाळा आला आणि तो शिंग घासायला लागला.

तीच स्प्रिंग फिटरनं वर्कशॉपच्या दाबयंत्राखाली तेवढीच दाबून पाहिली. बाराशे किलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फक्त बाराशे? मला वाटलं पाच-सहा हजार तरी." फिटर म्हणाला, "सगळ्यांनाच वाटतं बाई. पळत आला तर धडक मोठी बसेल, मी नाही म्हणत नाही. पण खोलीत पळायला जागा किती, सहा पावलं. आणि ते दोन बोल्ट वीस टनांपर्यंत हूं का चूं करणार नाहीत." त्याला मनातून गार वाटलं. मिथक मेलं होतं. आणि त्याबरोबर जावईही संपला होता, हे त्याला दोन मिनिटांनी जाणवलं, आणि मग ते गारपण राहिलं नाही.

बुधवारी सकाळी तो स्प्रिंग सोडवायला गेला. अडसर परत जागेवर टाकला. पैलवान दारापाशीच होता, खरखर चालू. फिटरनं तोल सावरायला म्हणून हात टेकला तो ब्रॅकेटच्या वरच्या नटावर, आणि तळहाताला मुंग्या आल्यासारखं झालं.

नट थरथरत होता. दार थरथरतंय, मग नट थरथरणारच, त्यात काय. त्यानं खिशातून चष्मा काढून लावला आणि रेघ बघितली. रेघ सरळ होती, पिवळीजर्द, कुठं मोडलेली नाही. तो वळलाही होता. पण स्वभावाला औषध नसतं. त्यानं परत हात लावला, आणि नट दोन बोटांनी फिरवून पाहिला.

नट फिरला.

खालचा फिरवला, तोही फिरला. पाना नाही, काही नाही, नुसत्या चिमटीत. फिटर खाली बसला. म्हणजे गुडघ्यावर नाही, चक्क बूड टेकून मातीत. थोड्या वेळानं त्यानं साखळी आवळून घेतली, वरचा नट काढला, उजेडात धरला आणि नखानं रंग खरवडायला लागला.

वरची रेघ या महिन्याची. तिच्या खाली, भाताच्या शिताएवढी बाजूला सरकलेली, मागच्या महिन्याची. तिच्या बाजूला आणखी एक, आणखी एक. रेघांचा पंखा उघडला होता. शेवटची, सगळ्यात जुनी, फिकटलेली रेघ पार पलीकडच्या कोपऱ्यावर, जवळजवळ पाऊण फेरा मागे.

कुणाच्या हातच्या होत्या त्या रेघा? बागेत दुसऱ्या कुणाला ती डबी उघडायचीसुद्धा परवानगी नव्हती. महिन्याला शीतभर नट फिरायचा, रेघ शीतभर मोडायची, आणि धुऊन फिकट झाली असेल म्हणून हा माणूस नव्या रंगानं ती सरळ करून टाकायचा. पाना लावून बघायचा नाही. का लावायचा? रेघ सरळ आहे ना, बस्स. जगातल्या प्रत्येक माणसाला पुरावा मागणारा हा गृहस्थ, आपल्याच हाताला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

आणि मग त्याला आठवलं ते आठवायला नको होतं. गेंडा बाहेर आला त्याच्या सहा दिवस आधी, शुक्रवारी, जावई वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाला होता, "काका, बोळाकडचं दार वाजतंय. आवाज बदललाय." आणि हा जागचा न उठता म्हणाला होता, "शिंग घासतो म्हणून वाजतं. रेघ बघ ना." मग बोळाच्या टोकाशी जाऊन, चष्मा खिशात, लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "सरळ आहे. प्रत्येक आवाजाला घाबरायला लागलास तर गेंड्याची नाही, सशाची नोकरी बघ." बोळातली दोन माणसं हसली होती.

तो वर्कशॉपमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि पुराव्यांचा डबा उघडला. गटारीतला नट फडक्यातून काढला. आठवडाभर हा त्याच्या डब्यात होता आणि त्यानं एकदाही धड बघितला नव्हता. पाना लागला की नटाचे कोपरे सोलतात, रंग उडतो, ही गोष्ट उमेदवारीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. ह्या नटाचे सहाही कोपरे रंगासकट शाबूत होते. कुणीही पाना लावला नव्हता. त्यानं रंग खरवडला आणि खाली तोच पंखा निघाला. नट पहिला फेरा सुटायला वर्ष घेतो, आणि एकदा सैल पडला की उरलेले फेरे आठवड्यात संपवतो. गेंड्यानं दार मोडलं नव्हतं. कीपरनं उघडं ठेवलं नव्हतं. एका आळशी जनावरानं रोज शिंग घासलं आणि एका हुशार माणसानं त्यावर रोगण फिरवलं.

डबा परत फळीवर ठेवताना त्याच्या मनात पाप आलं, हे सांगायला हवं. हा नट कुणी पाहिलेला नाही. आवाराकडचे दोन नट आत्ता आवळून टाकले तर कुणाला काय कळणार आहे. बाराशे किलोचं माप खरं आहे, ते खोटं नाही. तेवढंच सांगायचं, पुढचं इन्स्पेक्टर बोलतील. निवृत्तीला आठ महिने उरलेत. त्यानं पाना हातात घेतला आणि परत ठेवला. मग त्यानं दोन्ही नट फडक्यात बांधून खिशात ठेवले, आणि घरी जाऊन नीट जेवला नाही. बायकोनं वाढलेलं ताट उचललं.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत इन्स्पेक्टर मधल्या खुर्चीवर, साहेब बाजूला, जावई भिंतीशी उभा, हात मागे. फिटरनं स्प्रिंगचं माप सांगितलं. इन्स्पेक्टरांनी दोनदा विचारून लिहून घेतलं आणि साहेब समाधानानं मागे टेकले.

"म्हणजे गेंड्याच्या ताकदीनं हे दार उघडणं शक्य नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

"ताकदीनं नाही," फिटर म्हणाला. "सवयीनं उघडलं." आणि त्यानं फडकं सोडून दोन नट टेबलावर ठेवले. रेघा दाखवल्या, एकेक, नख लावून. ह्या कुणी मारल्या असं इन्स्पेक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी. सगळ्या मीच मारल्या. पाना न लावता मारल्या. आणि ह्यांनी सहा दिवस आधी मला सांगितलं होतं की दार वाजतंय. मी ह्यांना हसण्यावारी नेलं." मग भिंतीकडे वळून म्हणाला, "जावईबापू, तुम्ही अडसर टाकला होता. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. माझं चुकलं."

बागेच्या फाटकाच्या आत 'तुम्ही' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, ते चहाच्या कपाकडे बघत बसले.

इन्स्पेक्टरांनी जावयाला विचारलं, "शनिवारी तुम्ही तीस नंबरचा पाना नेला होता. कशाला?"

"नट बघायला नेला होता," जावई म्हणाला. "दारापाशी गेलो. पाना लावणार तेवढ्यात रेघ दिसली. सरळ होती. म्हटलं, मामांची रेघ आहे. ते कुणावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणजे त्यांनी दहादा बघितलं असणार. तिच्यावर पाना लावणं म्हणजे त्यांचा अपमान. परत नेऊन दिला."

फिटरला ते ऐकवेना. त्याच्यावर कुणी शंका घेतली असती तर मावशीचा हात शाबूत राहिला असता. सगळ्या बागेत त्याच्यावर आंधळा विश्वास टाकणारा एकच माणूस होता, आणि तोही नेमका हाच निघाला.

दारांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. उरलेले आठ महिने पंपघरात, पाण्याच्या टाक्यांवर. कीपरची नोकरी राहिली. मावशीला भेटायला तो स्वतः गेला, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग गेंड्यानं दार उखडलं नाही? मी तर सगळ्यांना तेच सांगितलंय. आता एका नटानं हात मोडला म्हणून सांगू होय?" तिनं गोष्ट बदलली नाही. गाईडबाईंनीही नाही.

पंपघरात जायच्या आधी शेवटचं एक काम त्याला दिलं, पैलवानाच्या दोन्ही दारांना नवे नट बसवायचे. कीपर समोर हवा, हा आता लेखी नियम होता. फिटरनं चारही नट आवळले, अंगातला सगळा जोर लावून, घाम निथळेपर्यंत. मग रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला आणि पहिल्या नटाकडे हात नेला.

"थांबा, मामा," जावई म्हणाला. आतही आता मामाच.

त्यानं फिटरच्या शेजारचा पाना उचलला आणि पहिल्या नटाला लावून ओढून पाहिला. मग दुसऱ्याला. मग आवाराकडच्या दाराशी जाऊन तिसऱ्याला. अजिबात घाई केली नाही, सासऱ्याच्या तोंडाकडेही बघितलं नाही. फिटर ओला ब्रश धरून मागोमाग गेला आणि रंग त्याच्या बुटावर ठिबकत राहिला. एकतीस वर्षांत त्याच्यामागून कुणी नट तपासला नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं.

चौथा नट जावयानं दोनदा ओढून पाहिला.

"आता मारा रेघ," तो म्हणाला.